पदपाठाकडून संहितापाठाकडे: सलग इंग्रजीचे उच्चार

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवताना उच्चारलेले वाक्य जगभर गाजले आणि त्यातल्या एका अक्षराचा वादही तितकाच टिकला. पृथ्वीवरच्या श्रोत्यांनी 'वन स्मॉल स्टेप फॉर मॅन' असे ऐकले. आपण 'फॉर अ मॅन' म्हणालो होतो, असे आर्मस्ट्राँग यांचे म्हणणे होते. 'अ' असेल तर ते एका माणसाचे पाऊल ठरते. नसेल तर ते माणसाचे, म्हणजे मानवजातीचेच पाऊल होते आणि 'वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड' या पुढच्या भागातल्या 'मॅनकाइंड'शी असलेला विरोध नाहीसा होतो. पुढे अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञांनी ओहायो या आर्मस्ट्राँग यांच्या मूळ राज्यातील लोकांच्या सहज बोलण्याची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे दिसले की तिथल्या सलग बोलण्यात 'फॉर' आणि 'फॉर अ' ही दोन्ही रूपे आकसून इतकी सारखी होतात की ऐकणाऱ्याला ती वेगळी काढणे अनेकदा अशक्य असते. म्हणजे बोलणाऱ्याने 'अ' उच्चारला असणे आणि ऐकणाऱ्याला तो ऐकू न येणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मी प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी बोलायला शिकवते. त्यांतील बहुतेक जण मराठी माध्यमात शिकलेले असतात, त्यांचे व्याकरण पक्के असते, शब्दसंग्रह चांगला असतो आणि लिहिलेले इंग्रजी ते सहज वाचतात. तरीही 'समोरचा काय बोलला ते कळलेच नाही' ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते, आणि ऐकू न आलेले तेच वाक्य कागदावर लिहून दाखवले की त्यात एकही अनोळखी शब्द निघत नाही. अडचण शब्दांची नसून शब्दांच्या सांध्यांची आहे. शाळेत आपण इंग्रजी शब्द सुटा पाठ केला, त्याचे स्पेलिंग पाठ केले, त्याचा उच्चार देवनागरीत लिहून घेतला. पण तो शब्द वाक्यात शेजाऱ्यांना टेकून बसला की त्याचे रूप कसे बदलते, हे कोणी सांगितले नाही.

याची खंत वाटण्याचे कारण असे की हा विषय आपल्याला परका नाही. वैदिक परंपरेत एकच मंत्र दोन तऱ्हांनी पाठ केला जातो: पदपाठात प्रत्येक पद वेगळे उच्चारले जाते आणि संहितापाठात तीच पदे संधी होऊन सलग म्हटली जातात. पाणिनीने वर्णांच्या अत्यंत निकटतेलाच 'संहिता' ही संज्ञा दिली आणि तिच्या आधारे संधीचे नियम सांगितले. पाश्चात्त्य भाषाशास्त्रानेही या घटनेसाठी 'संधी' हा संस्कृत शब्दच स्वीकारला आहे. आपल्या शाळेतल्या इंग्रजीचे दुखणे एवढेच की आपण पदपाठ शिकलो आणि संहितापाठ शिकलोच नाही.

प्राचीन परंपरा क्षणभर बाजूला ठेवून आपले रोजचे बोलणे ऐकले तरी हेच दिसते. 'करतो आहेस' असे सुटे आपण बोलत नाही, 'करतोयस' म्हणतो. 'कुठे आहेस'चे 'कुठेयस' होते, 'नाही आहे'चे 'नाहीये' होते. 'सात दिवस' हे शब्द भरभर म्हणून पाहावेत, 'साद्दिवस' असा उच्चार होतो. 'पाच जण'चे 'पाज्जण' आणि 'एक गाव'चे 'एग्गाव' होते. यात कोणी आळशी नसतो किंवा अशुद्ध बोलत नसतो. जीभ पुढच्या ध्वनीची तयारी आधीपासूनच करू लागते, एवढेच. त्यामुळे इंग्रज किंवा अमेरिकी माणूस शब्द 'खातो', असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. तो आपल्यासारखाच बोलतो, फक्त त्याच्या भाषेचे नियम वेगळे आहेत आणि ते शिकता येतात.

या नियमांतला सर्वांत मोठा भाग दुर्बल रूपांचा आहे. इंग्रजीत 'अँड', 'कॅन', 'ऑफ', 'टू', 'फॉर', 'फ्रॉम', 'ॲट', 'वॉज', 'हॅव', 'देम' असे सुमारे ४० छोटे शब्द आहेत, ज्यांना दोन-दोन उच्चार असतात. शब्दावर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, असेल तेव्हा सबल रूप आणि नसेल तेव्हा दुर्बल रूप. आणि प्रत्यक्ष बोलण्यात दुर्बल रूपच कितीतरी जास्त वेळा येते. दुर्बल रूपात मूळ स्वर जाऊन त्या जागी एक मिटलेला, उदासीन 'अ' उरतो. 'टू'चे 'ट' होते, 'फॉर'चे 'फ' किंवा 'फर', 'फ्रॉम'चे 'फ्रम', 'अँड'चे 'अन्' किंवा नुसते 'न्'. 'कप ऑफ टी'मधला 'ऑफ' तर 'अव्' होतो आणि पुष्कळदा 'व्'ही जाऊन 'कप-अ-टी' एवढेच राहते. हा उदासीन 'अ' मराठी माणसाला अवघड नाही, कारण 'करणे'तला किंवा 'कळवा'तला 'अ' त्याच्या अगदी जवळचा आहे. अवघड आहे ते डोळ्यांना विसरणे. आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो तेव्हा नेहमी सबल रूप लिहितो: 'फॉर', 'फ्रॉम', 'ऑफ'. दुकानाच्या पाटीवर ते योग्यच आहे, पण तीच पाटी मनात ठेवून बोलायला लागलो की वाक्यातला प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने उभा राहतो.

याचा परिणाम नुसता 'भारतीय लहेजा' एवढ्यावर थांबत नाही, कधी अर्थच उलटतो. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा माझा एक विद्यार्थी रोज संध्याकाळी अमेरिकेतील सहकाऱ्यांशी फोनवर बोलतो. एकदा तो फार अस्वस्थ होऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, मी 'आज पाठवू शकतो' म्हणालो आणि त्यांनी ते काम दुसऱ्याला देऊन टाकलं. मी नाही म्हणालो, असं त्यांना वाटलं." मी त्याला ते वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणायला सांगितले. तो म्हणाला, "आय कॅन सेन्ड इट टुडे", आणि त्यातला 'कॅन' अगदी भरीव, स्पष्ट 'ॲ'सह आला. अमेरिकी कानाला तिथेच घात होतो. त्यांच्या बोलण्यात होकारार्थी 'कॅन' हा 'क्न्' इतका मिटलेला असतो आणि आघात पुढच्या क्रियापदावर पडतो. नकारार्थी 'कॅन्ट'मध्ये मात्र 'ॲ' पूर्ण उघडा येतो आणि शेवटचा 'ट' तोंडातल्या तोंडात अडून राहतो, बाहेर फुटत नाही. म्हणजे होकार आणि नकार यांतला फरक ते 'ट'वरून कमी आणि स्वरावरून जास्त ओळखतात. माझ्या विद्यार्थ्याने शाळेत शिकल्याप्रमाणे शुद्ध 'कॅन' उच्चारला आणि नेमका तोच नकार म्हणून ऐकला गेला. आम्ही मग ते वाक्य 'आय्-क्न्-सेन्डिट्-टडे' असे बसवले. 'सेन्ड'वर जोर, बाकीचे सगळे त्याच्या आधाराने. ब्रिटिश इंग्रजीत 'कान्ट'चा स्वरच वेगळा असल्यामुळे हा गोंधळ तितका होत नाही, पण आपल्याकडची कितीतरी माणसे अमेरिकी लोकांशी बोलूनच पोट भरतात, म्हणून मी हा शब्द सर्वांत आधी शिकवते.

दुर्बल रूपांच्या मागे इंग्रजीचा ताल आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली भाषांच्या तालाचे दोन प्रकार सांगितले: काही भाषांत आघातापासून आघातापर्यंतचे अंतर सारखे भासते, तर काहींत प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळाल्यासारखा वाटतो. पुढे यंत्रांनी मोजमाप केले तेव्हा ही अंतरे तंतोतंत सारखी नसतात असे दिसले, त्यामुळे ही विभागणी आता कोणी कडकपणे मानत नाही. पण आघात नसलेली अक्षरे इंग्रजीत फार आकसतात आणि मराठीत तितकी आकसत नाहीत, हे कानाला स्पष्ट कळते. म्हणून सलग उच्चार म्हणजे घाईने बोलणे, हा समज मी पहिल्याच दिवशी खोडून काढते. सावकाश बोलणारा इंग्रज म्हातारासुद्धा 'कप-अ-टी'च म्हणतो. उलट आपण सगळे शब्द सबल ठेवून वेग वाढवला तर ऐकणाऱ्याला काहीच हाती लागत नाही, कारण कोणता शब्द महत्त्वाचा हे त्याला सांगणारा चढ-उतारच त्यात नसतो.

दुर्बल रूपांनंतर माझ्या मते मोलाची गोष्ट म्हणजे जोड. एक शब्द व्यंजनाने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला की ते व्यंजन पुढच्या शब्दाच्या पदरात जाते. 'पिक इट अप' हे 'पि-कि-टप' होते, 'ॲन ॲपल' हे 'अ-नॅपल' होते, 'टर्न इट ऑफ' हे 'टर्-नि-टॉफ'. ही जोड इंग्रजीत इतकी जुनी आणि घट्ट आहे की तिने काही शब्दांच्या सीमाच हलवल्या. आज ज्याला 'एप्रन' म्हणतात तो मूळ 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' की 'ॲन एप्रन' हे कानाला कळेना, आणि 'न' मागच्या शब्दाकडे कायमचा गेला. 'निकनेम'चे नेमके उलटे झाले: 'ॲन एकनेम'मधला 'न' पुढे सरकून शब्दाला चिकटला. मराठी विद्यार्थ्यांना ही जोड जमली की एक जादाचा फायदाही होतो. आपण 'एक'ला 'येक' आणि 'ओठ'ला 'वोठ' म्हणतो, तीच सवय इंग्रजीत 'येव्हरी', 'येन्ड' अशी उतरते. 'इन एव्हरी'ला 'इ-नेव्हरी' असे जोडून म्हटले की त्या 'य'ला शिरायला जागाच उरत नाही.

दोन स्वर भेटतात तिथे मात्र इंग्रजी स्वतःच 'य' किंवा 'व' आणते. 'सी इट'मध्ये हलका 'य' येतो, 'डू इट'मध्ये हलका 'व'. इति आणि आदि मिळून 'इत्यादी' होते, सु आणि आगत मिळून 'स्वागत' होते, तिथेही 'इ'च्या घराण्यातून 'य' आणि 'उ'च्या घराण्यातून 'व' आला आहे. फरक इतकाच की संस्कृतात मूळ स्वर जाऊन अर्धस्वर येतो आणि इंग्रजीत मूळ स्वर राहून मध्ये अर्धस्वर डोकावतो.

आता ज्या ध्वनिबदलाची माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त गंमत वाटते त्याकडे येते. 'डिड यू'चे 'डिजू' होते, 'डोन्ट यू'चे 'डोन्चू' होते, 'वुड यू'चे 'वुजू' होते. 'त-ट' वर्गाच्या ध्वनीपुढे 'य' आला की दोघे मिळून 'च' होतात. 'द-ड' वर्गाच्या ध्वनीपुढे 'य' आला की 'ज'. हे ऐकून काही जण नाक मुरडतात आणि हा अमेरिकी चित्रपटांतला अर्धवटपणा आहे असे म्हणतात. त्यांच्यासमोर मी मराठीतलेच शब्द ठेवते. संस्कृतातल्या 'अद्य'चा प्राकृतात 'अज्ज' झाला आणि मराठीत 'आज'. 'नृत्य'चा 'णच्च' झाला आणि मग 'नाच'. 'विद्युत्'ची 'विज्जु' होऊन 'वीज' झाली, 'सत्य'चे 'सच्च' होऊन 'साच' झाले आणि 'मध्य'चा 'मज्झ' होऊन तो आपल्या माजघरात येऊन बसला. 'द्य'चा 'ज' आणि 'त्य'चा 'च': आपल्या पूर्वजांच्या जिभेने केलेलाच बदल इंग्रजांची जीभ आज शब्दांच्या सीमेवर करते. आपण रोज 'आज' म्हणतो आणि त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

अनुस्वाराचेही तसेच आहे. 'अंक', 'अंत' आणि 'अंबा' या तीन शब्दांत लिहायला एकच टिंब आहे, पण उच्चारताना ते पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक होते. परसवर्णाचा हा नियम शाळेत आपण शुद्धलेखनासाठी घोकला. इंग्रजीत 'टेन पीपल' सहज म्हटले की 'टेम्पीपल' होते आणि 'टेन किलोज'मध्ये 'न'चा 'ङ' होतो. 'इन पुणे' कोणत्याही भाषेत सहज म्हणा, ओठ मिटायच्या तयारीमुळे 'इम्पुणे'च होणार. म्हणून हा बदल मी मुद्दाम शिकवत नाही. जोड जमली की तो आपोआप होतो.

इथेच एक सावधगिरी सांगायला हवी, कारण मराठीची प्रत्येक सवय इंग्रजीत चालत नाही. 'एक गाव'चे 'एग्गाव' करताना आपण पुढच्या घोष (उच्चारताना कंठात कंप होतो अशा, जसे 'ग', 'द') व्यंजनामुळे मागचे अघोष (असा कंप नसलेले, जसे 'क', 'त') व्यंजन घोष करतो. 'दिक्' आणि 'अंबर' यांचे 'दिगंबर' होते ते याच वळणाने. इंग्रजी मात्र सहसा असे करत नाही. 'ब्लॅक बॅग'ची 'ब्लॅग बॅग' झाली किंवा 'फुटबॉल'चा 'फुड्बॉल' झाला, तर ते इंग्रजी कानाला लगेच खटकते. उलट दिशेचा बदल, म्हणजे घोषाचा अघोष होणे, काही ठरावीक जोड्यांत होते: 'हॅव टू'चे 'हॅफ्ट' आणि 'यूज्ड टू'चे 'यूस्ट'. तेवढ्या जोड्या लक्षात ठेवाव्यात आणि इतरत्र 'क', 'ट', 'प' यांना तसेच राहू द्यावे.

लोपाचा विषय मी थोडक्यात उरकते. दोन व्यंजनांच्या मध्ये सापडलेला 'ट' किंवा 'ड' सहसा गळतो. 'नेक्स्ट डे'चे 'नेक्स्डे', 'लास्ट नाइट'चे 'लास्नाइट', 'मस्ट बी'चे 'मस्बी'. 'ख्रिसमस' आणि 'कॅसल' यांच्या स्पेलिंगमध्ये 'टी' आहे आणि उच्चारात नाही, ती अशाच लोपाची जुनी खूण आहे. पण पुढे स्वर आला तर 'ट' गाळायचा नाही, तो जोडायचा: 'लास्ट ईव्हनिंग' हे 'लास्टीव्हनिंग' होते. 'हिम', 'हर', 'हिज' यांतला 'ह' वाक्याच्या मध्ये असताना जातो, म्हणून 'टेल हिम' हे 'टेलिम' ऐकू येते.

लंडनच्या भुयारी रेल्वेत फलाट आणि गाडी यांमधल्या फटीबद्दल प्रवाशांना सावध करणारी सूचना आहे: 'प्लीज माइंड द गॅप बिट्वीन द ट्रेन अँड द प्लॅटफॉर्म'. सहज बोलण्यात 'माइंड'चा 'ड' पुढच्या 'द'पाशी गळतो, 'अँड'चे नुसते 'अन्' उरते आणि ते 'ट्रेन'च्या 'न'ला चिकटून 'ट्रे-नन्-द' असे होते. आघात 'माइंड', 'गॅप', 'ट्रेन' आणि 'प्लॅटफॉर्म' यांवर मुख्यतः पडतात. गोंगाटात बाकी काही ऐकू आले नाही तरी एवढ्या शब्दांवरून प्रवाशाला अर्थ कळतो, आणि आघाताचे काम तेच आहे.

मग हे सगळे स्वतःच्या बोलण्यात आणायचे का? भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली मांडले की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा दोघांना एकमेकांशी बोलायचे असेल, तर दुर्बल रूपे आणि असे बहुतेक ध्वनिबदल आवश्यक नाहीत, आणि कधी कधी ते समजण्यात अडथळाही आणतात. त्यात तथ्य आहे. नागपूरचा माणूस जपानी ग्राहकाशी बोलताना 'डोन्चू' म्हणाला तर त्याने गोंधळच वाढवला. भारतीय इंग्रजीही एक खरी, जिवंत इंग्रजी आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही आणि ओढूनताणून परदेशी सूर काढण्याचेही नाही. पण ऐकण्याच्या बाबतीत हा युक्तिवाद लागू पडत नाही. समोरचा अमेरिकी किंवा इंग्रज आपल्यासाठी पदपाठ करणार नाही, आणि माझा अनुभव असा की जे उच्चार आपण स्वतः तोंडाने करून पाहिलेले असतात तेच कान भराभर ओळखतात. म्हणून माझी विभागणी अशी: दुर्बल रूपे आणि जोड हे बोलायला आणि ऐकायला दोन्हीसाठी शिकावे. 'डिजू', 'नेक्स्डे' यांसारखे बदल ओळखता यावेत; तोंडात आले तर येऊ द्यावेत. 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये काही ब्रिटिश लोक 'लॉ'नंतर जो नसलेला 'र' आणतात, तो फक्त ऐकून सोडून द्यावा. अमेरिकी 'वॉटर'मधला 'ट' आपल्या 'र'-'ड'च्या जवळ जातो, हे माहीत असले की पुरे.

सरावासाठी मी वैदिकांचीच रीत वापरते. एखाद्या मुलाखतीचे किंवा बातमीपत्राचे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि स्पेलिंग पूर्ण बाजूला ठेवून, जे कानावर पडले ते देवनागरीत सलग लिहावे: 'टेलिम्टकम्' असे ऐकू आले तर तसेच. या कामासाठी देवनागरी रोमनपेक्षा कितीतरी सोयीची आहे, कारण जोडाक्षर लिहिताच दोन ध्वनी जुळल्याचे डोळ्यांना दिसते. मग मूळ वाक्य पाहून आधी पदपाठ करावा, प्रत्येक शब्द पूर्ण आणि स्पष्ट. त्यानंतर आघाताचे शब्द अधोरेखित करून संहितापाठ करावा. मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐकावा. वाक्याच्या शेवटी आलेला छोटा शब्द सबल राहतो, ही एक गोष्ट तेव्हा नीट तपासावी. 'आय्म फ्रम नाशिक'मध्ये 'फ्रम' असते, पण 'व्हेअर आर यू फ्रॉम?' या प्रश्नात 'फ्रॉम' पूर्ण उच्चारावा लागतो. 'आय क्न् सेन्डिट'मध्ये 'क्न्' असते, पण कोणी 'कॅन यू?' विचारले की उत्तर 'येस, आय कॅन' असे भरीवच द्यायचे असते. नव्याने दुर्बल रूपे शिकलेली मंडळी उत्साहात इथेही 'क्न्' म्हणतात, म्हणून या दोन जोड्या मी सरावाच्या पहिल्याच आठवड्यात समोरासमोर ठेवून म्हणून घेते.